मेमरी, आठवण आणि परवचा

हल्ली आमच्या घरात ‘मेमरी’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. फोनची मेमरी फुल झाली, लॅपटॉपची वाढवायला हवी, हे ठीक. पण आता तो शब्द माणसांनाही लागू झालाय. नातू इतिहासाचा पेपर देऊन येतो आणि म्हणतो, "आजी, इतिहास डिलीट मारला, आता भूगोल लोड करायचा." आमच्या धाकट्या जाऊबाई चष्मा शोधताना म्हणतात, "हार्ड डिस्क करप्ट झाली हो आपली." सगळे हसतात. मीही हसते. पण ३३ वर्षं मराठी शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे, नवीन शब्द घरात आला की तो आपल्याबरोबर काय काय सामान घेऊन आलाय ते बघायचं.

मराठीत आठवण ‘येते’, ‘होते’, ‘काढली’ जाते, ‘राहते’. ‘लक्षात ठेव’ असं म्हणतो खरं, पण ते ‘विसरू नकोस’ अशा अर्थानं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू, कुलूप उघडलं की जशीच्या तशी बाहेर, अशी कल्पना आपल्या जुन्या बोलण्यात फारशी दिसत नाही. ‘मेमरी’बरोबर मात्र ते कपाट घरात आलं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची आठवण आणि यंत्राची मेमरी यांचं काम निरनिराळ्या पद्धतीनं चालतं, आणि आपण यंत्राची पट्टी घेऊन घरातली मुलं आणि म्हातारी माणसं मोजायला लागलो आहोत. त्यात मुलांचं नुकसान होतं आणि म्हाताऱ्यांचा अपमान.

आता म्हणाल, बाई बी. ए. मराठी, यांचा विज्ञानात अधिकार काय? काहीच नाही. पण माझा भाचा (आमच्या ताईचा मुलगा) बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. ‘मेंदूसारखी चिप’ अशा बातम्या तो मला पाठवतो, मी त्याला फोन करून पिडते, आणि हाताला लागेल ते वाचते. त्यातून जे उमगलं ते लिहिते आहे. तो हे वाचणारच आहे, आणि शेवटी त्याच्यासाठीही काही आहे.

आधी फोनमध्ये काय होतं ते बघू. आपण फोटो काढतो तेव्हा तो चिपमधल्या अब्जावधी बारीक कप्प्यांत जातो. कप्प्याच्या भोवती वीज अडवणारा अतिशय पातळ थर असतो. विजेचा जरा जोराचा रेटा दिला की इलेक्ट्रॉन तो थर ओलांडून आत जातात आणि अडकून बसतात. वीज बंद झाली तरी बाहेर येता येत नाही, म्हणून फोन बंद करून चालू केला तरी फोटो जागेवर असतो. १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ही फ्लॅश मेमरी शोधून काढली. या पद्धतीची तीन लक्षणं ध्यानात घ्या. एका फटक्यात, क्षणार्धात नोंद होते. ती कितीदाही बघितली तरी आपल्याला जाणवेल असा फरक तिच्यात पडत नाही. आणि ही साठवणाची जागा वेगळी, हिशेब करणारा प्रोसेसर वेगळा. कोठीघर एकीकडे आणि स्वयंपाकघर एकीकडे, दिवसभर पिठाचे डबे इकडून तिकडे वाहायचे. भाचा म्हणतो की आजच्या संगणकाची बरीचशी वीज या वाहतुकीतच खर्च होते.

मेंदूत असं कोठीघरच नाही. जे काम करतं त्याच्यातच आठवण. हे ज्यांच्या संशोधनामुळे सगळ्यात चांगलं कळलं ते एरिक कँडेल. जन्म व्हिएन्नाचा, १९२९चा. हिटलरच्या छळामुळे १९३९मध्ये लहानपणीच अमेरिकेत जावं लागलं. त्या व्हिएन्नातल्या शेवटच्या वर्षाच्या आठवणी इतक्या खोल का रुतल्या, या प्रश्नानं त्यांना पुढे मेंदूकडे नेलं असं त्यांनीच लिहिलं आहे. पण अभ्यासाला त्यांनी माणूस घेतला नाही. घेतली एक समुद्री गोगलगाय, ॲप्लिशिया नावाची. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज, हिच्यात फक्त २० हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल, पण २००० साली नोबेल मिळालं ते याच गोगलगाईमुळे.

या गोगलगाईला हलकेच स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा स्पर्श केला आणि त्यातून काही वाईट झालं नाही, की ती ओढायचं बंद करते. ‘हे काही धोक्याचं नाही’ हे ती शिकते. तेही शिकणंच. कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गटाला लागोपाठ ४० स्पर्श केले. शिकलेलं एक दिवस टिकलं. दुसऱ्या गटाला रोज १० असे चार दिवस केले. स्पर्श तेवढेच, ४०. पण शिकलेलं काही आठवडे टिकलं!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून उठले आणि चहा टाकला. कारण हे मला माहीत होतं. फळ्यापुढे उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. फक्त ते गोगलगाईलाही लागू आहे, हे माहीत नव्हतं.

मधल्या वेळेत असं काय होतं? थोड्या वेळाची आठवण असते तेव्हा दोन चेतापेशींमधला जो सांधा (त्याला सिनॅप्स म्हणतात) तो तात्पुरता सैल किंवा घट्ट होतो. आधी होतं त्याच सामानात भागवलं जातं. पण आठवण टिकवायची असेल तर निरोप पार पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथे काही जनुकं जागी होतात, नवीन प्रथिनं तयार होतात आणि पेशीला नवे सांधे फुटतात किंवा असलेले कमी होतात. धोका लक्षात ठेवायला शिकलेल्या गोगलगाईत हे सांधे जवळजवळ दुपटीनं वाढलेले सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले आहेत. प्रथिनं तयार होऊ दिली नाहीत, तर थोड्या वेळाची आठवण होते पण टिकाऊ होत नाही. म्हणजे टिकाऊ आठवण हे बांधकाम आहे. आणि बांधकाम म्हटलं की वेळ आला. स्लॅब टाकल्यावर त्याला पाणी मारत दिवस जाऊ द्यावे लागतात, तसं.

आता परवचा आठवा. (पन्नाशीच्या आतल्या मंडळींना कदाचित शब्दच माहीत नसेल.) दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं, शुभंकरोती म्हणायचं, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, मग वार, महिने, तिथी, नक्षत्रं. रोज. आणि नंतर जेवून झोपायचं. माझ्या लहानपणी याला कंटाळलेलं नाही असं एकही मूल गल्लीत नव्हतं. पण त्याची रचना बघा. रोज थोडं, मध्ये एक दिवसाचं अंतर, आणि लगेच झोप. कँडेलच्या दुसऱ्या गटासारखं.

इथे मला कोणी ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं’ असं म्हणायला आलं तर मी त्यांना चहा न देता परत पाठवीन. पूर्वजांना प्रथिनं माहीत नव्हती. मुलांना सांभाळता सांभाळता त्यांना एक रीत सापडली, ती उपयोगी पडली, म्हणून टिकली. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाच्या गृहस्थांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, हेच दाखवलं होतं, की एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांवर वाटून घेतलेलं जास्त टिकतं. त्यांनाही प्रथिनं माहीत नव्हती.

असो. आता त्या मेंदूसारख्या चिपांकडे येते.

कोठीघर आणि स्वयंपाकघर एकच करता येईल का, ही इंजिनिअर लोकांची जुनी धडपड. बर्कलीच्या लिऑन चुआ यांनी १९७१ साली गणितावरून सांगितलं होतं, की आपल्यातून किती वीज गेली हे ‘लक्षात’ ठेवून त्याप्रमाणे विरोध कमीजास्त करणारा एखादा घटक असायला हवा. त्याचं नाव मेमरिस्टर. २००८मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेनं तो सापडल्याचं जाहीर केलं. पुढे २०१४ला आयबीएमनं दहा लाख ‘चेतापेशीं’ची ट्रूनॉर्थ चिप काढली. आपल्या बंगळुरूच्या आयआयएससीतल्या संशोधकांनी २०२४मध्ये तर ० आणि १ या दोनऐवजी सुमारे १६,५०० वेगवेगळ्या अवस्था धरणारा रेणूंचा मेमरिस्टर दाखवला. हे सगळं मोठंच काम आहे, आणि आपला मेंदू जेमतेम २० वॅटवर चालतो हे बघता वीज वाचवण्यासाठी त्याचं अनुकरण करावंसं वाटणं साहजिक आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधकांचं २०११चं एक छोटंसं यंत्र. दोन टोकं, त्यातलं एक सिल्व्हर सल्फाइडचं, आणि मध्ये अणूंच्या मापाची बारीक फट. विजेचा ठोका दिला की चांदीचे अणू बाहेर येऊन त्या फटीत पूल बांधायला लागतात. ठोके लांब लांब अंतरानं दिले तर अर्धवट पूल आपोआप विरघळून जातो. म्हणजे यंत्र विसरतं. भराभर दिले तर पूल पुरा होतो आणि टिकतो. शिकणारं आणि विसरणारं चांदीचं यंत्र! भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमच्या वर्गातलं पोरगं आहे.

मात्र एक गोष्ट खटकली, आणि माझ्या मते तिथेच खरी मेख आहे. या यंत्राला आठवण टिकवायला ठोके जवळ जवळ लागतात. लांब दिले तर ते विसरतं. मेंदूतही पहिली पायरी अशीच आहे. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३मध्ये सशाच्या मेंदूत दाखवलं, की भराभर ठोके दिले की सांधा मजबूत होतो आणि कित्येक तास तसाच राहतो. पण दिवसांच्या हिशेबात मेंदू नेमका उलटा वागतो. त्याला मध्ये अंतर हवं असतं. चांदीच्या पुलाला रात्रीची गरज नाही, कारण रात्रीत त्याच्या आत काही घडत नाही. आपल्या आत घडतं. म्हणून ‘मेंदूसारखी चिप’ असा मथळा आला की मी मनात ‘मेंदूतल्या एका सांध्यासारखी’ अशी दुरुस्ती करून घेते. भाच्याला ते मान्य आहे, मथळे देणाऱ्यांना नसेल.

रात्री काय घडतं त्याचा एक पुरावा १९९४चा आहे. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची नोंद घेतली. (हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला मेंदूचा छोटासा भाग. तो पुढे पुन्हा येणार आहे.) दिवसा इकडून तिकडे फिरताना ज्या पेशी बरोबरीनं जाग्या झाल्या होत्या, त्याच पेशी उंदीर झोपल्यावर पुन्हा बरोबरीनं जाग्या होत होत्या. उंदीर झोपेत परवचा म्हणत होता!

याची गरज काय, ते कळतं संगणकाकडे बघूनच. १९८९मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी चेतापेशींच्या नमुन्यावर रचलेल्या एका संगणकी जाळ्याला बेरजा शिकवल्या. आधी एक मिळवायच्या. त्या छान आल्या. मग दोन मिळवायच्या शिकवल्या. त्या आल्या, आणि एकच्या पार पुसल्या गेल्या. कारण तेच सांधे, त्यांच्यावरच नवीन काम. ही खोड आजच्या मोठ्या जाळ्यांतही आहे आणि तिच्यावर उपाय शोधणं चालूच आहे. एक उपाय अगदी घरगुती, नवीन शिकवताना जुनंही मधून मधून मिसळत राहायचं. मेंदू हेच करत असावा, असं १९९५मध्ये मॅक्लेलंड आणि मंडळींनी मांडलं. हिप्पोकॅम्पस चटकन टिपून घेतो आणि मग बाहेरच्या मोठ्या मेंदूला ते हळूहळू, जुन्यात मिसळून शिकवतो. परवचा म्हणताना आम्ही कुठून सुरुवात करायचो आठवतं? काल एकोणीसपर्यंत आलो म्हणून आज विसापासून, असं कधी नव्हतं. रोज बे एके बे.

तेव्हा मुलांबद्दलचं माझं मत लिहून टाकते. पाठांतराला पोपटपंची म्हणून गेल्या कित्येक वर्षांत आपण बरंच हाकलून दिलं. अर्थ न कळता पाठ करणं वाईट हे मलाही मान्य आहे, वर्गात मी त्यावरून मुलांना टोकत असे. पण हाकलताना आपण चुकीची गोष्ट हाकलली. रोजची उजळणी गेली, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी मात्र जिथल्या तिथे राहिली. खरी पोपटपंची ती! ४० स्पर्श एका बैठकीत. नातू म्हणतो ‘इतिहास डिलीट मारला’ तेव्हा तो फुशारकी मारत नसतो, वस्तुस्थिती सांगत असतो. फक्त ‘डिलीट’ हा शब्द चूक आहे. ते कधी बांधलंच गेलं नव्हतं.

‘फोनमध्ये सगळं आहे, डोक्यात कशाला हवं’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात, बहुतेक पालकच. माझं उत्तर असं, की फोनमधलं तुमच्या विचारात मिसळत नाही. कोठीघरात पडून राहतं. डोक्यातलं पडून राहत नाही, ते नव्या गोष्टीला जाऊन चिकटतं. पाव, अर्धा, पाऊण यांच्याशी लहानपणी ओळख झालेल्या मुलाला अपूर्णांक परके वाटत नाहीत, हे मी गणिताची शिक्षिका नसूनही सहकाऱ्यांच्या वर्गात बघितलं आहे.

मग काय करायचं, परवचा परत आणायचा? घरोघरी ते जमणार नाही, आणि पूर्वीही ते सगळ्या घरांत नव्हतं. ज्या घरात संध्याकाळी मोठं माणूस मोकळं असे त्याच घरात परवचा होई. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला कसली दिवेलागण? म्हणून हे शाळेचं काम आहे असं मी मानते. तासाची पहिली पाच मिनिटं, पुस्तकं मिटून, मागच्या आठवड्याचं आणि मागच्या महिन्याचं विचारायचं. मार्क नाहीत, ओरडणं नाही. मुलानं स्वतः आठवून सांगायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवणारे पुढे होते. त्या पाच मिनिटांनी पोर्शन मागे पडतो अशी तक्रार माझ्याकडेही आलेली आहे. पोर्शन कागदावर पुढे गेला आणि मुलांच्या डोक्यात नाही, तर तो पुढे गेला असं कसं म्हणायचं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

आता म्हाताऱ्यांकडे. म्हणजे आमच्या ताईकडे.

ताई ८३ वर्षांची. गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आहे, ते बहुतेकांना माहीत आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. आणि घरात येणारं प्रत्येक माणूस, प्रेमानंच, तिची परीक्षा घेतं. "मला ओळखलंस का?" "आज वार कोणता?" "अगं असं काय, आत्ताच तर सांगितलं!" जणू फाइल आत आहे आणि ही मुद्दाम उघडत नाही.

अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा एक माणूस होता. २००८मध्ये तो वारला तेव्हा जगाला नाव कळलं, तोवर शास्त्रात तो फक्त ‘एच. एम.’ होता. फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून १९५३मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्यानंतर भेटलेलं माणूस किंवा घडलेली घटना त्याच्या मनात टिकेना. लहानपण मात्र आठवत होतं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याला वाटे हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. पण हात रोज सुधारत गेला. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं.

म्हणजे आठवण ही एक वस्तूच नव्हे, त्या अनेक आहेत आणि निरनिराळ्या ठिकाणी वसतात. ताईच्या आजाराचा घाला बहुधा आधी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारीच पडतो. आजची सकाळ आत शिरतच नाही, मग ती बाहेर कुठून येणार? पण लसूण सोलायला दिला की तिची बोटं माझ्यापेक्षा वेगानं चालतात. जात्यावरच्या ओव्या एकामागून एक येतात. तिच्याकडे नाही ते मागत बसायचं आणि आहे त्याकडे ढुंकून बघायचं नाही, हा कुठला न्याय?

आणखी एक प्रयोग आयोवा विद्यापीठातला, २०१०चा. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या लोकांना दुःखी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळानं काय बघितलं ते त्यांना आठवेना, पण मन मात्र उदासच राहिलं. पुढे ताईसारख्या आजाराच्या लोकांतही हेच दिसलं. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे आपलं बोलणं ताई दहा मिनिटांत विसरते. पण संध्याकाळभर ती पदराचं टोक चुरगळत गप्प बसून असते, का ते तिलाही सांगता येत नाही. मला येतं.

आता भाच्यासाठी. बाळा, तुझी तक्रार आहे की पानशेतच्या पुराची गोष्ट आई दर वेळी वेगळी सांगते. १२ जुलै १९६१, ताई तेव्हा पुण्यात मामांकडे शिकायला होती. तू तीनदा रेकॉर्ड केलंस. एकदा मामींनी शिवणयंत्र माडीवर चढवलं, एकदा तुपाची बरणी, एकदा दोन्ही राहिलं आणि नुसतं बाळ उचललं. ‘नक्की खरं कोणतं’ असं तू तिला विचारलंस आणि ती रडवेली झाली.

तर ऐक. २००० साली न्यूयॉर्कमध्ये नादेर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकवून, म्हणजे आठवण काढायला लावून, लगेच मेंदूत प्रथिनं थांबवणारं औषध दिलं. भीती विरून गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर काहीच झालं नाही. म्हणजे आठवण काढली की ती काही काळ पुन्हा ओली होते आणि तिला परत बांधावं लागतं. तुझ्या चिपमधला फोटो हजारदा बघ, तोच राहील. पानशेत तुझ्या आईनं ६० वर्षांत किती वेळा काढलं असेल? दर वेळी ते नव्यानं बांधलं गेलं. तुझी आजी गेली त्या वर्षी ज्या मनानं सांगितलं ते त्यात मिसळलं, तुझ्या जन्मानंतर सांगितलं ते मिसळलं. बाळ उचलल्याचं तू झाल्यानंतरच गोष्टीत आलं असं मला पक्कं आठवतंय. (माझंही असंच बांधलेलं असणार म्हणा!) मी तेव्हा ११ वर्षांची, गावी होते. मला पानशेत माहीत आहे ते तिच्याच तोंडून.

पुराचं पाणी कुठवर चढलं हे हवं असेल तर पुण्यात तारखेनिशी, आकड्यांनिशी लिहिलेलं आहे, ते वाच. आईला ते विचारू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा तिच्याजवळ बस, पानशेतचं सांग म्हण, आणि ती शिवणयंत्र म्हणाली तर शिवणयंत्र. फोन चालू ठेवायला माझी हरकत नाही, फक्त तिला दिसणार नाही असा ठेव. आणि ती जेवली का, औषध घेतलं का, हे तिला विचारू नकोस, मला विचार. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.